बिननाकाची फ्रेम

हेमलताबाई मुळीक दुकानाची पायरी चढल्या तेव्हाच तावऱ्यानं ओळखलं, की आज जेवणाचा डबा गार होणार. सदुसष्ट वर्षांच्या या बाईनं फलटणात आजवर एकही वस्तू पहिल्या तासात घेतली नव्हती. तिनं मिक्सर घेतला तेव्हा म्हणे दुकानावर दिवाळीची माळ लावून उतरवूनही झाली होती.

"फोटोची फ्रेम दाखवा. आपोआप फोटो बदलणारी," बाई म्हणाल्या. "आणि स्वस्तातली दाखवा. आधी महागाची दाखवायची आणि मग माझ्याकडे दयेनं बघायचं, तो खेळ नको."

"अहो काकू, मी कशाला असं..."

"फ्रिजच्या वेळी केलंत."

तावऱ्यानं मुकाट दोन फ्रेमा काउंटरवर मांडल्या. दोन्ही हातभर रुंद, दोन्हींचा काठ सागवानी रंगाचा. वरच्या पट्टीच्या मधोमध दोन्हींना मोहरीएवढा काळा डोळा होता. एकीला मात्र त्या डोळ्याखाली आणखी एक ठिपका होता, आणि तीच दुप्पट किमतीची होती.

"आता फोटो आपण निवडायचे दिवस गेले, काकू. तुम्ही फ्रेमकडं बघता, तशी फ्रेम तुमच्याकडं बघते," तावरे सांगू लागला. "डोळ्यातली काळी बाहुली असते ना, ती नुसती उजेडानं लहानमोठी होत नाही. मनाला भिडणारं काही दिसलं, की ती मोठी होते. केसाएवढीच, पण होते. माणसाला ती आवरता येत नाही. फ्रेम ते मोजते. ज्या फोटोला तुमची बाहुली मोठी झाली, तो फोटो ती जास्त वेळा दाखवते. त्या फोटोत नजर जिथं ठरते, तेवढा भाग हळूहळू मोठा करत नेते. महिन्याभरात फ्रेममध्ये तुमच्या मनातलं माणूस येऊन बसतं."

"आणि हा दुसरा ठिपका कशाचा?"

"ते नाक."

"वास घेते?"

"नाही हो! तुमच्या नाकाची ऊब मोजते. रागानं नाक लाल होतं, असं आपण म्हणतो. पण राग आत दाबून ठेवला, की नाकाचा शेंडा गार पडतो. अर्धा अंश, पाऊण अंश. बाहुली मोठी झाली आणि नाक ऊबदार राहिलं, तर माया. बाहुली मोठी झाली आणि नाक गार पडलं, तर वैर. वैराचे फोटो ही फ्रेम बाजूला टाकते. बिननाकाचीला तेवढी समज नाही. तिला दोन्ही सारखंच."

हेमलताबाईंनी दुसऱ्या ठिपक्याकडे असं बघितलं, की त्याचाही शेंडा गार पडावा.

"वैर ओळखायचं यंत्र? माझ्या घरातले फोटो लावायचेत, पोलीस चौकीतले नाहीत. आमच्यात सगळी मायेची माणसं आहेत."

तावरे त्याच गल्लीत राहायचा. मुळीकांच्या दोन जावांची भांडणं अकरा वर्षं तीन भिंतींपलीकडून ऐकत आलेला माणूस तो. त्यानं खाली मान घालून काउंटरवरची नसलेली धूळ पुसली.

"बिननाकाचीच द्या," बाई म्हणाल्या.

*

फ्रेम घेण्याला कारण होतं. दिवाळीला मुलगा येणार होता. रणजित बंगळूरला नोकरी करायचा, तिथलाच झाला होता, आणि यंदा भाऊबीज झाली की आईला कायमची घेऊन जाणार होता. चार वर्षं नाही म्हणून यंदा हेमलताबाई हो म्हणाल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या हॉलच्या भिंतीवर चौसष्ट फोटो होते, आणि भिंत काही सामानात बांधता येत नव्हती. म्हणून ही फ्रेम. भिंत सगळी तिच्यात भरायची, पिशवीत घालायची, आणि खालच्या मजल्यावरच्या शैलजेचं तोंड जन्मात पुन्हा बघायचं नाही.

शैलजा म्हणजे धाकटी जाऊ. घर एक, जिना एक, टाकीचा कॉक एक, तुळस एक, आणि या प्रत्येक एकावर दोघींची अकरा वर्षं लढाई चाललेली. लढाई इतकी कडाक्याची, की त्यांच्या भांडणाच्या वेळेला गल्लीतले कावळे पलीकडच्या गल्लीत जाऊन बसत आणि दुधाच्या पिशवीतलं दूध आपोआप विरजत असे. शैलजेचा नवरा बापू तर सुरुवातीलाच कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायचा. डॉक्टर सांगायचे, त्या यंत्राची बॅटरी इतकी टिकलेली त्यांनी कुठं पाहिली नाही.

वैराचं मूळ रणजितच्या लग्नात होतं. हेमलताबाईंचे यजमान त्याआधीच तीन वर्षं गेले होते. विधवेनं ओवाळायचं नाही ही रीत तोवर भाषणांतून मोडून झाली होती, ठरावांतून मोडून झाली होती. रणजितनं स्वतः कॉलेजात असताना त्यावर एक लेख लिहिला होता, आणि तो हेमलताबाईंनी शेजारणींना मोठ्यानं वाचून दाखवला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "आई, मला आणि ईशाला दारात तूच ओवाळायचंस. कोण काय म्हणतंय ते मी बघतो."

वरात आली. उंबऱ्यावर माप ठेवलेलं. हेमलताबाई निरांजन लावलेलं तबक घेऊन पुढं झाल्या, आणि शैलजेनं बाजूनं येऊन त्यांच्या हातातून ते तबक काढून घेतलं. बोलली एक अक्षर नाही. घेतलं, आणि ओवाळलं. कॅमेरावाल्यानं नेमका तोच क्षण टिपला. फोटोत मधोमध शैलजा, हिरव्या शालूत, हातात तबक. तिच्यासमोर नवरानवरी. आणि डाव्या कडेला, मनगटापर्यंतच, हेमलताबाईंचे दोन मोकळे हात.

तोही फोटो भिंतीवर होता. काढला असता, तर शैलजेला कळलं असतं की तो लागलाय.

*

पहिल्या आठवड्यात फ्रेम शहाण्यासारखी वागली. यजमान, सासरे, रणजितची मुंज, तो पाळण्यात, तो सायकलवर. दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या चहाला शैलजा दिसली. दुपारी शैलजा. संध्याकाळी दिवा लावायला वळावं, तर शैलजा. हेमलताबाईंच्या डोहाळजेवणातली शैलजा, सत्यनारायणातली शैलजा, आणि दर चार फोटोंमागं एकदा तबक घेतलेली शैलजा. तिसऱ्या आठवड्यात बाकी सगळे फोटो गळाले आणि तबकवालीच तेवढी उरली. वर ती रोज थोडी मोठी होत चाललेली.

फोटो हातानं बदलायची सोय महागाच्या फ्रेममध्ये होती.

अशातच एके सकाळी शैलजा टाकीच्या कॉकची चावी मागायला वर आली. दारातूनच तिची नजर हॉलच्या भिंतीवर गेली, आणि बाईचा चेहरा जत्रेत बक्षीस लागल्यासारखा फुलला.

"अय्या अक्का! मला एवढी मोठी लावलीत? देवघरात जागा नव्हती का?"

"चावी खुंटीला आहे. घे आणि चालती हो."

"नाही, हळदीकुंकू वाहायचं असलं तर सांगा. मी स्वतःच येऊन बसत जाईन, विजेचा खर्च तरी वाचेल."

"ते यंत्र बिघडलंय."

"बिघडलेलं दिसत नाही. शालूचा रंग अगदी बरोबर आलाय." शैलजेनं चावी पदराला बांधली. "बंगळूरला नेणार ना मला? रणजितला सांगा, खिडकीजवळ लावा म्हणावं. मला कोंदट जमत नाही."

"तुझ्यासारख्या बाईला..." हेमलताबाईंचा हात नकळत नाकाकडं गेला. शेंडा माठाच्या बुडासारखा गार लागला.

शैलजा जिना उतरताना मुद्दाम गुणगुणत गेली.

मग हेमलताबाईंनी त्या यंत्राला वठणीवर आणायचं ठरवलं. रणजित यायला बारा दिवस होते. आल्यावर त्याला काय दिसणार? आईच्या मनात काकू! फोनवरच्या अल्बममधले रणजितचे दोनशे फोटो त्यांनी फ्रेममध्ये भरले. नवा फोटो आला, की फ्रेम तो एकदा दाखवून बघायची. रोज सकाळी आंघोळ करून, पाटावर बसून, डोळे ताणून बाई त्या फोटोंकडं तास तास बघू लागल्या. पापणी लवली तर आसन मोडेल अशी साधना. फोटोतलं बाळ बघायचं, पोराची गोड गोष्ट आठवायची, आणि बाहुलीनं मोठं व्हायचं, इतकं साधं काम. पण बाळाकडं बघताना मनात यायचं, की हे झबलं शैलजेनं शिवलं होतं, आणि बाही एक तोकडी होती. बाहुली मोठी व्हायची ती तोकड्या बाहीला. दोनशे फोटो आठ दिवसांत गळाले. तबकवाली पुन्हा आली, आणि आता तिचा शालूही फ्रेमबाहेर गेला होता. उरला होता अर्धा चेहरा, हात आणि तबक.

त्यांनी तावऱ्याला फोन लावला.

"तुमचं यंत्र डोक्यावर पडलंय. ते चुकीचं माणूस दाखवतंय."

"काकू, ते माणूस निवडत नाही. तुमची नजर फोटोत कुठल्या जागी ठरते, तेवढंच त्याला कळतं. तुम्ही बघता तिथंच ते जातंय."

"मी त्या बाईकडं बघते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी कुठं म्हणतोय? ते म्हणतंय."

बाईंनी फोन आपटला. हल्लीचे फोन आपटून फुटत नाहीत, आणि भांडणातली अर्धी मजा त्यामुळं गेली आहे.

पण तावऱ्याच्या बोलण्यातली एक गोष्ट त्यांना तीन दिवसांनी उमजली. वसुबारसेच्या सकाळी चहा घेऊन हॉलमध्ये आल्या, तर फ्रेममध्ये शैलजा नव्हती. नखभरसुद्धा नव्हती. तबकाची कडही निघून गेली होती. निरांजनाची ज्योत कोपऱ्यात सरकली होती, आणि ज्योतीच्या मागं, जरा धूसर, रणजितचा चेहरा होता. नवरदेवाची टोपी, कपाळावर मुंडावळ्या. ओठ मिटलेले, आणि मिटलेल्या ओठांवर हसू.

पहिल्यांदा बाईंना हायसं वाटलं. म्हणजे इतके दिवस नजर पोरावरच होती. शैलजा आपली वाटेत उभी होती म्हणून दिसत होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि चहा पीत पोराकडं मनसोक्त बघायला बसल्या.

चहा तसाच राहिला. कारण ते हसू होतं सुटल्याचं. आपल्याला न येणारा प्रश्न मास्तरांनी दुसऱ्याला विचारला, की मागच्या बाकावरचं पोर हसतं, तसं. अकरा वर्षं रोज सकाळी झाडू मारताना हा फोटो समोर होता. तोंडानं शैलजेला शिव्या घालताना डोळे कुठं जात होते, ते ह्या बिननाकाच्या खोक्यानं चार आठवड्यांत मोजून दाखवलं होतं. हेमलताबाईंनी फ्रेमची वायर ओढून काढली. मग थोड्या वेळानं स्वतःच परत लावली. बघायचं होतं, आणखी किती जवळ जाते.

*

धनत्रयोदशीला सकाळी रणजित आणि ईशा आले. विजेवरच्या टॅक्सीचा आवाज नसतो, त्यामुळं गल्लीत कोण आलं ते हल्ली दारं उघडल्यावरच कळतं. पायावर पाणी झालं, भाकरतुकडा झाला. रणजित हॉलमध्ये शिरला आणि जागीच थबकला. हातभर फ्रेममध्ये फक्त त्याचा चेहरा होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"ईशा, हे बघ! ही तीच फ्रेम आहे, माझ्या ऑफिसातल्या त्या सरांकडं असते तसली. ह्याच्यात माणूस काय मनापासून बघतं ते येतं." तो आईकडं वळला. "आई, अगं दिवसभर तू मलाच बघत असतेस?"

"हो," हेमलताबाई म्हणाल्या. "दिवसभर."

"किती गोड!" ईशा म्हणाली. "हा आपल्या गृहप्रवेशाचा फोटो ना रे? मुंडावळ्या आहेत."

"तोच." रणजित सोफ्यावर ऐसपैस बसला. आईच्या मायेनं तो असा सैल झाला होता, की मनातलं सगळंच बाहेर यायला मोकळं झालं. "त्या दिवशी काय टेन्शन होतं, आई, तुला सांगतो! ईशाची आजी आदल्या रात्री म्हणाली होती, मुलाची आई ओवाळणार असेल तर आम्ही वरातीला येत नाही. आणि मी तर तुला शब्द देऊन बसलेलो. मग काकूला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं, काहीतरी कर. तू तबक घे. काकू तयारच होईना. म्हणाली, मी अक्कांच्या हातातून घेणार नाही, तूच सांग त्यांना. शेवटी मी तिच्या पायाच पडलो."

ईशानं त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो थांबला. पण फार उशिरा थांबला.

"म्हणजे... तुला वाईट वाटू नये म्हणून. तू समजून घेतलं असतंस, पण त्या गर्दीत..."

"माझ्याकडं बघ," हेमलताबाई म्हणाल्या.

"आई, आता अकरा वर्षं झाली त्याला."

"बघ म्हणते ना. त्या दिवशी नाही बघितलंस. मी इथं डावीकडं उभी होते, दोन्ही हात असे पुढं केलेले. तू समोर होतास, सहा फुटांवर. हसत होतास."

"आई, हे काय काढलंस सणासुदीला? तिकडं तुझी खोली रंगवून ठेवलीय आम्ही. तुझ्या आवडीचा पिस्ता रंग. तुला ह्या कटकटीतून सोडवायलाच तर नेतोय ना! रोजचं काकूचं ऐकून घ्यायचं..."

"काकूचं मी ऐकून घेतलं नाही. काकूनं माझं ऐकून घेतलं. तिला मी काय काय म्हटलं, ते ह्या गल्लीत कुणालाही विचार. तिच्या पोटी मूल नाही, तेसुद्धा मी तिला म्हटलंय. दोनदा. एकदा दसऱ्याला." बाईंचा आवाज चढला नव्हता, आणि तीच भीतीची गोष्ट होती. "आणि दर वर्षी तू इथं येऊन जेवलास, बोटं चाटलीस, आणि जाताना मला सांगितलंस, काकूकडं लक्ष देऊ नकोस. असं म्हणालास की नाही?"

रणजितनं ईशाकडं बघितलं. ईशानं खिडकीबाहेर बघितलं. फ्रेममधला रणजित तेवढा आईकडं बघत होता.

"आई, लहान होतो मी."

"सत्तावीस वर्षांचा."

एवढं बोलून हेमलताबाई उठल्या, पदर खोचला आणि जिना उतरू लागल्या.

शैलजा ओट्यापाशी अनारसे थापत होती. मागं न वळताच म्हणाली, "टाकीचा कॉक मी बंद केलेला नाही. उगाच चढून येऊ नका अंगावर."

"अकरा वर्षं बोलली का नाहीस?"

शैलजेचा हात थांबला. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि तिनं छताकडं बघितलं. सगळं समजलं असावं तिला.

"बोलला वाटतं गधडा."

"मी तुला विचारतेय."

"काय बोलायचं होतं? तुमच्याच पोरानं तुम्हाला बाजूला सारलं, असं? तुम्हाला एकच ते. त्याच्यावरून मन उठलं असतं, तर ते कुणावर बसवलं असतंत?" शैलजेनं अनारसा तेलात सोडला आणि झाऱ्यानं त्यावर वरून तेल उडवलं. "आणि मी काही गप्प बसून ऐकलं नाही, अक्का. एकाला दोन देत होते. मला संत करू नका, मला ते झेपायचं नाही. तुमचं तोंडच तसं आहे. उद्या भांडायला दुसरं कारण सापडलं असतं."

"ते दसऱ्याचं मी म्हणायला नको होतं."

"नव्हतंच म्हणायला पाहिजे." शैलजा हे एवढं कडक बोलली, की कढईतलं तेलही क्षणभर गप्प झालं. "ते मी विसरणार नाही. तुम्ही मेलात तरी नाही."

"नको विसरूस."

हेमलताबाई भिंतीला टेकून खाली फरशीवर बसल्या.

"बसा म्हटलं नाही मी," शैलजा म्हणाली.

"बसलेय."

"तेल उडेल अंगावर."

"उडू दे."

जिन्याच्या वरच्या टोकावरून हाक आली. "आई! आई, वर ये ना. आपण बोलू. तिकिटं तिघांची काढलीत, आई!"

शैलजेनं अनारसा निथळून ताटलीत टाकला. जाळी पडली होती की नव्हती ते उजेडात धरून बघितलं, आणि ताटली खाली, हेमलताबाईंसमोर, जराशी आपटूनच ठेवली.

"पोरगं हाक मारतंय तुमचं."

"मारू दे," हेमलताबाई म्हणाल्या, आणि अनारसा मोडला. "गूळ कमी पडलाय."

"तुमच्यापेक्षा गोड झालाय," शैलजा म्हणाली, आणि पुढचा थापायला घेतला.